मोहोळाचं मेण, कोकमाचं तेल आणि बेळगावची थंडी

खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली गोठायला लागली की मी लोशनच्या वड्यांचं, म्हणजे कोरड्या कातडीवर साबणासारख्या फिरवायच्या मेण-तेलाच्या घट्ट वड्यांचं, माप बदलते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. दिवाळीनंतर आमच्याकडे पहाटे बाटली पांढरी दिसते आणि दुपारी पुन्हा पातळ होते. डिसेंबरात मात्र शाळेला निघायच्या आधी ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी केल्याशिवाय थेंब पडत नाही. वड्या करायला एवढी खूण पुरते, वेगळा थर्मामीटर लागत नाही.

घरी लोशन बार करायचं जे माप सगळीकडे सांगितलं जातं ते समसमान असतं: एक भाग मेण, एक भाग शिया किंवा कोको बटर, एक भाग तेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर. इथल्या थंडीत त्या मापाची वडी दगडासारखी होते, अंगावरून नुसती घासत जाते, विरघळत नाही. तीच वडी एप्रिलमध्ये छान चालते. म्हणून माझं म्हणणं असं, की लोशनच्या वडीला एक माप नसतं. आपल्या गावाची हवा आणि चालू महिना बघून ते ठरवायचं. आणि साहित्य तर आपल्या घाटातच आहे, शिया बटर मागवायची गरज नाही.

मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. खडूची भुकटी बोटांचं सगळं तेलकटपण ओढून घेते. त्यात थंडीचं कोरडं वारं. डिसेंबर-जानेवारीत अंगठा आणि पहिल्या बोटाची टोकं अशी उलतात की वहीचं पान उलटताना कागद अडकतो. बाटलीतलं लोशन लावलं की दहा मिनिटं बरं वाटतं. त्यात बहुतेक भाग पाणीच असतो, ते उडून जातं आणि मागे फार थोडं राहतं. शिवाय पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले, म्हणून त्यात ते टिकवणारी रसायनं घालावीच लागतात. वडीत पाण्याचा थेंब नाही, म्हणून तिला त्यातलं काही लागत नाही. डबीतून सांडत नाही, पिशवीतल्या वह्या तेलकट होत नाहीत.

माझं माहेर जांबोटीकडचं. कणकुंबी-चोर्ल्याच्या त्या पट्ट्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत, आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत आमच्या घरी आमसुलांचंच काम असायचं. सालं रसात बुडवून उन्हात घालायची, आणि बिया बाजूला टोपलीत. त्या बिया आई कधी टाकायची नाही. चांगल्या खडखडीत वाळवून, कुटून, मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळायची. तेल वर तरंगलं की पळीने काढून घ्यायचं, आणि घट्ट व्हायला लागलं की हातावर दाबून अंड्याएवढे गोळे. ते गोळे फडक्यात बांधून फळीवर ठेवलेले असत. थंडीत टाचांना भेगा पडल्या की एक तुकडा पळीत घेऊन निखाऱ्यावर धरायचा आणि कोमट झाला की भेगेत सोडायचा. आमच्या शाळेतल्या शिरसीकडच्या कन्नड बाई याला मुरुगल तुप्प म्हणतात. त्यांच्या आईचीही हीच रीत.

हे कोकमतेल साधारण ३८ ते ४२ अंशांना वितळतं. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून उन्हाळ्यातही ते गोळ्याच्या रूपात टिकतं. पण आपल्या हातापायांची कातडी त्यापेक्षा थंड असते, त्यामुळे नुसता गोळा अंगावर घासून काही उपयोग नाही. म्हणून तर आई तो निखाऱ्यावर धरायची. त्यात पातळ तेल मिसळलं की निखाऱ्याची गरज संपते आणि वडी हाताच्या उबेने सुटते. पण पातळ तेल घातल्यावर ती लिबलिबीत होऊ नये म्हणून मेण लागतं. मेण वितळायला ६२ अंशांच्या वर जावं लागतं, वडीला आकार तेच देतं. या तिघांचा हिशेब एवढाच.

मेणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण फसगत तिथेच होते. बाजारात मेण मागितलं की पुष्कळदा मेणबत्तीचं मेण हातात पडतं. ते पॅराफिन, खनिज तेलातून निघालेलं. पांढरंफटक, गुळगुळीत, वास नसलेलं. मोहोळाचं मेण पिवळसर किंवा तपकिरी असतं, नखाने खरवडून चिमटीत चोळलं तर मऊ होऊन चिकटतं आणि मधाचा वास येतो. आमच्या आजीच्या करंड्यात कुंकवाशेजारी असल्या मेणाची इवलीशी डबी असायची. आधी कपाळाला मेणाचं बोट, त्यावर कुंकू, म्हणजे शेतात घाम आला तरी ते हलायचं नाही. तो वास ज्यांना आठवतो त्यांना खरं मेण ओळखायला दुसरी परीक्षा लागत नाही.

मला मेण देतात ते माहेरच्या गावातले एक मामा. ते सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. मध काढून झाल्यावर उरलेल्या पोळ्याचा चोथा माझ्यासाठी डब्यात ठेवतात. तो आधी गार पाण्यात धुऊन मधाचा चिकटपणा घालवायचा. मग जुन्या सुती फडक्यात पुरचुंडी बांधून उकळत्या पाण्यात सोडायची आणि उलथण्याने दाबत राहायचं. मेण फडक्यातून झिरपून वर येतं, घाण आत राहते. आच बंद करून भांडं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी पाण्यावर पिवळी चकती तयार असते, भांड्याच्या कडेपासून किंचित सुटलेली. उलटी केली की खाली करड्या गाळाचा थर दिसतो, तो चाकूने खरवडून टाकायचा. फार काळपट असेल तर पुन्हा एकदा हेच. नंतर चकती अगदी कोरडी होऊ द्यायची.

गावच्या कोकमतेलालाही असंच पाहावं लागतं. घरी काढलेल्या गोळ्यात बियांची टरफलं असतात आणि मध्ये पाणी अडकलेलं असतं. मंद आचेवर वितळवताना तडतड आवाज आला तर पाणी आहे असं समजायचं, तडतड थांबेपर्यंत ठेवायचं आणि मग मलमलीतून गाळायचं. पाणी राहिलं तर वडीला पुढे बुरशी धरते. हे न करता घाईने वड्या पाडू नयेत असं मी सगळ्यांना बजावते.

आता माप, १०० ग्रॅम वड्यांचं. थंडीत मेण २०, कोकमतेल ३०, तिळाचं तेल ५० ग्रॅम. उन्हाळ्यात मेण ३०, कोकमतेल ३५, तेल ३५. सगळं वजनकाट्यावर मोजायचं, वाटी-चमच्याने नाही, कारण मेणाचे तुकडे वाटीत कसे बसतील त्याचा भरवसा नसतो. तेल मी घाण्यावरचं तिळाचं घेते. ते लवकर खवट होत नाही आणि थंडीत पातळच राहतं. खोबरेल थंडीत वापरत नाही, ते स्वतः गोठतं आणि वडी आणखी कडक करतं. उन्हाळ्यात निम्मं खोबरेल चालतं. करडईचं तेल हलकं म्हणून पुष्कळांना आवडतं, पण त्याच्या वड्यांना लवकर वास येतो, महिन्याभरात संपवणार असाल तरच घाला.

भांडं वेगळंच ठेवा. एकदा मेण लागलं की ते भांडं परत स्वयंपाकाला घ्यावंसं वाटत नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात हे भांडं बसवायचं, थेट गॅसवर कधीच नाही, मेण पेट घेतं. आधी मेण, त्याला वेळ लागतो. ते पुरतं वितळलं की कोकमतेल, शेवटी पातळ तेल. गार तेल पडल्याबरोबर मेणाचे धागे धरतात, घाबरायचं कारण नाही, पुन्हा सगळं पारदर्शक होईपर्यंत ठेवायचं. आणि इथे वडी पाडायच्या आधी पाकाची परीक्षा घेतो तशी परीक्षा घ्यायची: फ्रीजमध्ये गार केलेल्या स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकायचा. मिनिटभरात गोठतो. तो बोटाने मनगटावर फिरवून बघा. ओरखडल्यासारखं वाटलं तर एक चमचा तेल वाढवा, नुसताच तेलाचा ओघळ आला तर मेणाचा एक तुकडा. हा एक थेंब कुठल्याही लिहिलेल्या मापापेक्षा खरा. अथणीला माझी नणंद राहते, तिच्याकडचा उन्हाळा आमच्यापेक्षा कितीतरी कडक. तिने ताटलीवर थेंब टाकत टाकत मेण पस्तिसावर नेलं आणि तिची वडी मे महिन्यातही धड राहते.

साचे म्हणून सिलिकॉनचे केकचे साचे सोयीचे, नसतील तर इडलीपात्र. उथळ असल्यामुळे वडी सुटते. ओतल्यावर साचा लगेच गार जागी ठेवा. कोकमतेल सावकाश थंड झालं तर दाणे धरतं आणि वडी रवाळ लागते. दाणे धरलेली वडी वाईट नसते, पुन्हा वितळवून लवकर गार केली की झालं. भांडं गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्या. मोरीत ओतू नका, नळीत मेण गोठलं की मोठं काम होऊन बसतं.

सुगंधाचं विचारलं जातं. मी काही घालत नाही. मेणाचा वास मला पुरतो, आणि लिंबासारख्या फळांची सुगंधी तेलं लावून उन्हात गेलं तर काही जणांच्या कातडीवर डाग पडतात. हळदही नको, साड्यांवर उतरते.

लावायची वेळ मात्र महत्त्वाची. वडी कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी धरून ठेवते. म्हणून आंघोळ झाल्यावर अंग टिपून ओलसर असतानाच ती फिरवायची. पार कोरड्या पडलेल्या टाचेवर लावायची तर आधी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात. मग टाचेवर वडी, वर सुती मोजे, आणि थेट अंथरुणात. म्हाताऱ्या माणसांना हे लावून फरशीवर चालू देऊ नका, पाय घसरतो. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. मधुमेह असलेल्यांच्या खोल भेगा घरगुती उपायांवर सोडू नयेत, डॉक्टरांनाच दाखवाव्यात.

पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत बायका येऊन विचारतात, चिखल्यांना चालेल काय? नाही चालत. बोटांच्या बेचक्यात आधीच ओल धरलेली असते, त्यावर मेणाचा थर दिला तर ती आतच कोंडते आणि चिखल्या चिघळतात. तिथे पाय स्वच्छ धुऊन कोरडे ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीवरचं मलम हेच बरोबर.

निपाणीच्या माझ्या मैत्रिणीची आई बरीच वर्षं विड्या वळते. पानं कापून आणि तंबाखू हाताळून तिची बोटं कायम खरबरीत. तिला वडी दिली तेव्हा तिने आधी हातात धरून दाबून बघितली. "काय करायलालीस गं तू हे, साबण काय?" मग म्हणाली, दिवसा लावता यायचं नाही, पानाला तेल लागलं तर विडी वाया जाईल. तिचं खरं होतं. आता ती रात्री भांडी आवरल्यावर लावते. तिच्यासाठी मी थोडी मऊ करते, मेण अठरावर आणून, कारण तिला जोर देऊन घासायला अंगठ्याचा त्रास होतो.

शाळेत वाटते तेव्हा वड्या बटरपेपरात गुंडाळते. पिवळ्या, गोल, मधाच्या वासाच्या. लहान मुलांना तो खाऊच वाटतो. म्हणून प्रत्येक पुडीवर जाड पेनाने दोन ओळी लिहिते, मराठीत "खायचं नाही" आणि कन्नडमध्ये "तिन्नबेडि", आणि खाली केल्याचा महिना. सहा महिन्यांच्या आत संपवा, खवट वास आला तर टाकून द्या.