सातताल-पंगोट: बुरांश, पक्षी आणि गारा

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पक्षी बघायला उत्तराखंडातल्या कुमाऊंला जाऊन आलो, साततालला तीन रात्री, पंगोटला दोन. तेवढ्यातच कॉर्बेट कोंबायचा मोह होतो, करू नका. पुण्याहून दिल्ली फ्लाईट, रात्री रानीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम, पुढे टॅक्सी.

साततालला 'स्टुडिओ' म्हणून जागा आहे, नाव भारी पण प्रत्यक्षात झाडीतलं डबकं, पक्षी पाणी प्यायला अन् आंघोळीला येतात. पहिल्या दिवशी आम्ही अर्ध्या तासात कंटाळून उठलो. दुसऱ्या दिवशी गाईड म्हणाला बैठे रहिए, बसलो दोन तास, आणि रेड-बिल्ड ब्लू मॅगपाय उतरला, शेपूट एवढी लांब की ती भिजू नये म्हणून वर धरून आंघोळ चाललेली, बायको म्हणाली शालू सावरत पाण्यात उतरलीये बघ. मागे व्हाइट-क्रेस्टेड लाफिंगथ्रशची टोळी, भिशीतल्या बायकांसारखी एकदम हसत सुटते.

एक सकाळ चाफीच्या नदीला ठेवाच. ब्राउन डिपर दगडावर उठाबशा काढतो आणि सरळ वाहत्या पाण्यात घुसतो. क्रेस्टेड किंगफिशरही तिथेच, आपल्या कवड्या खंड्याचा थोरला भाऊ शोभेल असा.

पंगोट साधारण २००० मीटरवर, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) लालभडक, आपल्याकडे पळस असतो ना तसा, फक्त झाडाला पानंही असतात. खाली पडलेलं फूल उचलून बघा, आत तळाशी काळपट ठिपके दिसतात, मध तिथेच साठतो, रूफस सिबिया पक्षी त्यासाठीच डोकं खुपसून बसलेले. चीर फेझंट (रानकोंबड्यासारखा लांब शेपटीचा पक्षी) बघायला अंधारात उठून विनायक नावाच्या जागी गेलो, नुसता आवाज ऐकला. खलीज फेझंट मात्र रस्त्याकडेला कोंबड्यांसारखे.

एक ग्रुप पक्ष्यांना बोलवायला स्पीकरवर त्यांचे रेकॉर्ड केलेले कॉल वाजवत (प्लेबॅक) फिरत होता, विणीच्या दिवसांत, डोकंच फिरलं. गाईड ठरवतानाच विचारा, प्लेबॅक करणार असेल तर दुसरा बघा.

पुण्याच्या उन्हाच्या हिशोबाने कपडे भरले आणि पंगोटला दुपारी गारा पडल्या, तेव्हा जाड स्वेटर आणि पोंचो घ्याच. कॅश नैनितालातच काढून ठेवा, वीकेंडला नैनिताल टाळा, ट्रॅफिक भयंकर. दुर्बीण ८x४२ पुरते. स्वर्गीय नर्तक (पॅराडाइज फ्लायकॅचर) बघायचा असेल तर एप्रिलमध्ये जा, पण मग खालचा बुरांश बराच ओसरलेला असेल.

बुरांशचं सरबत घ्या, फक्त चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून टाका. आमची बाटली केबिन बॅगेत होती, ती दिल्लीतच राहिली.