दुसऱ्या गिअरची खरखर आणि एका आकड्यासाठी गेलेले तीन आठवडे

गिअरबॉक्समधले तेल बदलण्याचे प्रत्यक्ष काम पाऊण तासाचे आहे, आणि हाताला फारशी सवय नसतानाही मी ते एका रविवारी सकाळी उरकले. त्याआधीचे तीन आठवडे मात्र एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात गेले: माझ्या गाडीला जीएल-४ तेल लागते की जीएल-५? (दात्यांवरचा भार किती पेलते यावरून गिअर ऑइलचे हे वर्ग ठरतात.) हा प्रश्न मी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तीनदा, फोनवर दोनदा आणि लेखी एकदा विचारला, आणि प्रत्येक वेळी "कंपनीचंच तेल टाका" एवढेच उत्तर मिळाले. अजूनही ते वाक्य आठवले की माझे डोके तापते.

ही वेळ माझ्यावर आली ती माझ्याच घाईमुळे. क्लच प्लेट बदलण्यासाठी गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. गिअरबॉक्स खाली उतरवायचा म्हणजे त्यातले तेल काढणे आले, आणि परत भरताना मेकॅनिकने जे हाताशी होते ते भरले. "नव्वद नंबर टाकलंय, आता बघायला नको," असे तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. आठवडाभराने सकाळच्या पहिल्या फेरीत पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना 'खर्र' असा आवाज येऊ लागला. गाडी तापली की तो कमी होई, पण घाईने गिअर बदलला की पुन्हा हजर. आधी मला क्लचचाच संशय आला. पण क्लच पूर्ण सुटत नसता, तर गाडी उभी असताना रिव्हर्स टाकतानाही दाते घासले असते, आणि तिथे तर काहीच त्रास नव्हता. मग गॅरेजमध्ये जाऊन कोपऱ्यात पडलेला रिकामा डबा पाहिला. त्यावर ८०डब्ल्यू-९० हा दाटपणाचा ग्रेड आणि जीएल-५ असे छापलेले होते.

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत गिअरबॉक्सच्या रकान्यात कंपनीने आपल्या तेलाला दिलेले नाव, ७५डब्ल्यू-८० हा ग्रेड आणि २.१ लिटर हे प्रमाण होते. जीएलचा उल्लेख कुठेच नव्हता. म्हणजे तेल किती पातळ हवे ते कळले, पण कोणत्या जातीचे हवे ते कळले नाही, आणि खरी गोम तिथेच होती.

काउंटरवरच्या तरुणाने संगणकात पाहून मला एक दहा आकडी पार्ट नंबर सांगितला. त्या तेलाचा एपीआय वर्ग (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, म्हणजे तोच जीएलचा आकडा) कोणता, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, आमच्याकडे तेल पार्ट नंबरनेच येतं." निदान डबा तरी दाखवा म्हटले, तर तेल ड्रममधून येते, डबा नसतोच. मग एक-दोन लिटर सुटे द्या म्हटले, तर सुटे विकत नाहीत. गाडी आणा, आम्ही भरून देतो. दुसऱ्या खेपेला काउंटरवर दुसरा माणूस होता आणि त्याने तोच पार्ट नंबर तितक्याच आत्मविश्वासाने सांगितला. लेखी प्रश्नाचे उत्तर नवव्या दिवशी आले, आणि त्यात वाहनाच्या उत्तम कार्यक्षमतेसाठी अस्सल तेलच वापरावे असा सल्ला होता. मी तेलाची किंमत विचारली नव्हती, सवलत मागितली नव्हती, कुणाच्या कामात खोट काढली नव्हती. मला चार आणि पाच यांतला एक आकडा हवा होता.

दरम्यान तेलाच्या दुकानदाराने तो प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात काढला होता. "साहेब, चारपेक्षा पाच वरचं. निर्धास्त घ्या." मी शंका काढली तेव्हा त्याने अधिक हुशारीचा मुद्दा मांडला: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलही (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची रचना) गिअरबॉक्सच्याच कवचात असते, आणि डिफरन्शियलला जीएल-५ लागते हे तर जगजाहीर आहे. हा मुद्दा ऐकून मी खरोखर गडबडलो आणि डबा हातात घेऊन दारापर्यंत गेलोही होतो.

त्या मुद्द्यात चूक कुठे आहे हे समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मागच्या धुऱ्यातल्या डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात. त्यांचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर भाराखाली लांबवर घसरतात, आणि तिथे तेलाचा थर फाटून लोखंडाला लोखंड भिडू शकते. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे जीएल-४ च्या साधारण दुप्पट प्रमाणात असतात. उष्णता आणि दाब वाढला की ती पोलादावर एक संरक्षक थर तयार करतात. पण इंजिन आडवे बसवलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या कवचातले शेवटचे गिअर हायपॉइड नसतात. ते गिअरबॉक्समधल्या इतर गिअरांसारखेच तिरक्या दात्यांचे असतात, आणि त्यांना जीएल-४ पुरते. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेले असेल, तर गोष्ट वेगळी होऊ शकते. सुबारूच्या अनेक मॅन्युअल गाड्यांना गिअरबॉक्ससाठीही जीएल-५ च सांगितलेले असते. त्यामुळे 'मॅन्युअलला नेहमी चारच' असा उलटा नियमही कुणी पाठ करू नये. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांच्या पुस्तिकांत तर गिअरबॉक्ससाठी १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल सांगितलेले असे.

आता जीएल-५ जास्त संरक्षण देते, तर बिघडते कुठे? ते बिघडते सिंक्रो रिंगपाशी. दुसरा गिअर टाकताना पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, तिच्या आतल्या बाजूचे बारीक आटे तेलाचा थर कापतात, घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो, आणि मगच दाते एकमेकांत बसतात. म्हणजे गिअरबॉक्समध्ये ही एक जागा अशी आहे की जिथे आपल्याला घर्षण हवे असते. तेल गरजेपेक्षा जास्त निसरडे असले की रिंग शंकू वेळेवर पकडत नाही, वेग सारखा होण्याआधीच दाते भिडतात आणि तो 'खर्र' आवाज येतो. शिवाय तांबे आणि पितळ यांना क्रियाशील गंधक सोसत नाही. हल्लीची काही जीएल-५ तेले या बाबतीत पूर्वीइतकी जहाल नसतात हे खरे, पण माझ्या गाडीत कोणते ओतले गेले होते ते मला कुठे माहीत होते?

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो जीएल-४/जीएल-५ असे दोन्ही आकडे अभिमानाने मिरवणाऱ्या डब्याने. दोन्ही लिहिले आहे म्हणजे दोन्हीकडे चालेल, असे कोणालाही वाटेल. पण जे तेल जीएल-५ चा भार पेलते, ते दात्यांच्या संरक्षणाच्या बाबतीत जीएल-४ चाही भार पेलणारच. त्यातून सिंक्रो रिंगचे काय होईल हे कळत नाही. हे वर्ग दात्यांवरच्या भाराचे आहेत, सिंक्रोच्या कामगिरीचे नाहीत. म्हणूनच केवळ जीएल-४ हे अक्षर पाहूनही समाधान मानू नये; गाडीच्या उत्पादकाचा स्वतःचा मान्यता क्रमांक असतो, आणि त्यात सिंक्रोचा विचार केलेला असतो. हा क्रमांक मला हवा होता, आणि काउंटरवर तो कुणाच्या गावीही नव्हता.

तो मिळाला तिसऱ्या खेपेला, तोही काउंटरच्या मागे. मी जरा आवाज चढवून बोलत होतो, ते वर्कशॉपमधल्या एका वयस्कर मेकॅनिकच्या कानावर गेले असावे. त्याने मला खुणेने बाजूला बोलावले, भिंतीशी उभ्या केलेल्या ड्रमपाशी नेले आणि लेबलावरचा चिकट थर अंगठ्याने पुसला. खाली, माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत, ७५डब्ल्यू-८०, एपीआय जीएल-४ आणि उत्पादकाचा मान्यता क्रमांक हे तिन्ही होते. "हे बघा. फोटो काढून घ्या," एवढेच बोलून तो पुन्हा कामाला लागला. त्याचे आभारही मी धड मानले नाहीत, इतका मी त्या लेबलाकडे पाहत राहिलो.

पुढचे सोपे होते. तेल कंपन्या आपल्या प्रत्येक तेलाचे तांत्रिक माहितीपत्रक देतात. त्यात हा क्रमांक शोधला आणि एक तेल ठरवले. माहितीपत्रकातले शब्द नीट वाचावेत: 'मान्यताप्राप्त' आणि 'या गाड्यांत वापरण्यास योग्य' यांत फरक आहे, कारण दुसरे म्हणणे तेल कंपनीचे स्वतःचे असते. जमल्यास त्यात तांब्याच्या पट्टीची चाचणी, एएसटीएम डी १३०, पाहावी. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी तापलेल्या तेलात बुडवून ठेवतात आणि तिचा रंग पाहतात. १ए म्हणजे पट्टी जवळजवळ जशीच्या तशी, ४सी म्हणजे काळी कुळकुळीत.

नव्वदच्या आकड्याबद्दलही सांगायला हवे. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० चे गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) भरते आणि ४० चे इंजिन ऑइल १२.५ ते १६.३, म्हणजे दोघे जवळजवळ शेजारीच. पण ८० च्या गिअर ऑइलची वरची मर्यादा ११ आहे, त्यामुळे ८० च्या जागी ९० भरले की फरक पडतोच, आणि थंड सकाळी तो दुसऱ्या गिअरमध्ये आधी कळतो.

कामाला लागताना एक गोष्ट सर्वांत आधी करावी: तेल सोडण्याचा नट उघडण्यापूर्वी भरण्याचा नट सुटतो की नाही ते पाहावे. खालून तेल सोडून दिले आणि वरचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. तेल थोडे कोमट असताना काढावे, वॉशर नवे घालावेत, आणि भरताना गाडी चारही चाकांवर सपाट हवी. माझ्या गाडीतून २.१ ऐवजी जेमतेम १.७ लिटर तेल निघाले. गॅरेजवाल्याने एकच बाजू जॅकवर उचलून भरले असणार. नटाच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा गाळ होता, तो नेहमीचाच. पण बाहेर आलेले तेल पसरट भांड्यात उन्हात धरले, तेव्हा त्यात सोनेरी कण चमकत होते. गंधकाचा तो वास माझ्या हाताला दोन दिवस राहिला.

नवे तेल भरून भरण्याच्या छिद्रातून बारीक धार बाहेर आली, तसा नट लावला. पहिल्याच फेरीत दुसरा गिअर बिनबोभाट पडला आणि मला जरा जास्तच आनंद झाला. सोनेरी कणांच्या रूपाने जे पितळ गेले ते काही परत येणार नाही. अगदी थंड सकाळी, पहिल्या चौकात घाई केली तर अजून एखादे वेळी हलकीशी खरखर होते. उरलेल्या तेलाच्या डब्यावर मी जाड पेनाने तारीख, किलोमीटर आणि तो मान्यता क्रमांक लिहून ठेवला आहे. ड्रमच्या लेबलाच्या फोटोची एक छापील प्रतही त्या पुस्तिकेत, गिअरबॉक्सच्या रकान्याशेजारी, चिकटवली आहे.