बुटात पाणी नेमके कोठून शिरते?

गेल्या जूनमध्ये राजगडाच्या पद्मावती माचीवर पोहोचले, तेव्हा माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला होता आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजत होता. बूट जुने होते, पण झिजलेले मुळीच नव्हते. सहा वर्षांपूर्वी हिमालयातील एका ट्रेकसाठी ते घेतले, परत आल्यावर धुऊन-वाळवून माळ्यावर ठेवले आणि ‘महागाचे आहेत, जपून वापरू’ या आमच्या घरच्या जुन्या धोरणाप्रमाणे त्यानंतर जेमतेम चार वेळा पायात घातले. अशा बुटांच्या सोलमधला मऊ थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो, हवेतील बाष्पाशी त्याची हळूहळू रासायनिक प्रक्रिया होत राहते आणि बूट वापरा वा न वापरा, काही वर्षांनी तो थर आतून ठिसूळ होऊन खपलीसारखा निघतो, हे मला त्यानंतर कळले. दमट हवेत माळ्यावर जपून ठेवलेला बूट म्हणूनच अजिबात सुरक्षित नसतो. सुतळीने सोल बांधून चोर दरवाज्याच्या वाटेने गुंजवण्याकडे उतरताना मी ठरवले, की पुढचा जोड रोज पायात राहील असाच घ्यायचा. पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यांवरून कार्यालयात जाताना तो चालला पाहिजे आणि रविवारी गडावरही.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द माझ्या यादीत अर्थातच सर्वांत वर होता. दुकानांत हिंडून, चार जोड घरी आणून व त्यांपैकी तीन परत करून झाल्यावर तो तिसऱ्या क्रमांकावर गेला.

पहिल्या क्रमांकावर मापच असले पाहिजे. बुटाच्या खोक्यावरचा आकडा फार थोडे सांगतो. ब्रिटिश मापात एका आकड्याचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर, तर युरोपीय मापात तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत जाताना पाय नेहमी कोठेतरी मधोमध अडकतो. शिवाय हे दोन्ही आकडे लांबीचे आहेत, रुंदीबद्दल ते काहीच बोलत नाहीत. माझी निम्मी हयात चपलांत गेल्यामुळे पाय पुढून पसरट आहे आणि निमुळत्या चवड्याचे देखणे बूट मला सपाट फरशीवर सुखद वाटले तरी उतारावर छळतात. चढताना बूट कसाही चालतो, त्याची खरी परीक्षा उतरतानाच होते. गड उतरताना शरीराचा सगळा भार पुढे येतो, पाय बुटात घसरतो आणि अंगठ्याचे नख पुढच्या भिंतीवर तासभर आपटत राहते. ते नख काळे पडून नवे येईपर्यंत किती महिने जातात, हे ज्यांना ठाऊक आहे ते पुन्हा घट्ट बूट घेत नाहीत.

म्हणून मी बूट पाहायला संध्याकाळी जाऊ लागले, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. ट्रेकला घालते तेच जाड मोजे बरोबर नेत असे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून टाचेमागे एक बोट सहज जाते का ते पाहायचे, मग नाडी बांधून दुकानाच्या जिन्यावरून दोन-तीनदा उतरायचे. विक्रेता मुलगा प्रथम कंटाळला, मग त्याने स्वतःच उताराची चाचणी घेण्याची लाकडी फळी आणून दिली. टाच वर उचलली जात असेल तर शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास घालून ती जखडता येते, पण चवड्याची रुंदी कोणत्याही नाडीने वाढत नाही. त्यामुळे टाच थोडी सैल चालेल, चवडा आवळलेला नको, एवढे मी पक्के केले.

दुसरा क्रमांक सोलचा. खोल खाचांचा रबरी सोल जन्माला आला तोच एका अपघातातून. १९३५मध्ये पुंता रासिका या आल्प्समधील शिखरावर वादळात सापडलेल्या तुकडीतील सहा गिर्यारोहक मरण पावले. त्यांची पादत्राणे त्या हवेला अपुरी होती. त्या तुकडीतील विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने पुढे पिरेल्ली या टायर कंपनीच्या मदतीने खाचांचा रबरी सोल तयार केला. या सोलचे ‘व्हायब्रम’ हे नाव त्याच्याच नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून आले आहे. मात्र आल्प्ससाठी घडलेली खाच सह्याद्रीत सगळीकडे सारखी उपयोगी पडत नाही. लाल चिखलात आणि घसाऱ्यावर खोल, दूर-दूर बसवलेल्या खाचाच हव्यात. चिखल त्यांत साचून राहत नाही. बेसॉल्टच्या ओल्या कातळावर मात्र खाचेपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा ठरतो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर दोन्हींचा उपयोग नाही, तेथे बसून उतरण्यात कसलाही कमीपणा नाही.

रोजच्या वापराची अडचण याच ठिकाणी येते. जे मऊ रबर कातळाला धरून ठेवते तेच डांबरी रस्त्यावर खोडरबरासारखे झिजते, आणि जे रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकते ते ओल्या दगडावर दगा देते. रोजचे चालणे आणि गड यांसाठी एकच जोड हवा असेल, तर या दोहोंत तडजोड करावीच लागते. मी मध्यम खोलीच्या, सुमारे चार मिलिमीटरच्या खाचांचा सोल निवडला आणि तो दीड-दोन वर्षांत झिजणार हे गृहीत धरले. पूर्वी ‘ॲक्शन ट्रेकिंग’चे स्वस्त बूट सह्याद्रीतल्या भटक्यांमध्ये इतके लोकप्रिय का होते, याचेही उत्तर बहुतांशी त्यांच्या सोलच्या पकडीतच आहे. पाणी अडवण्याचा दावा त्यांनी कधी केला नव्हता.

आता पाण्याविषयी. वॉटरप्रूफ बुटात बाहेरचे कापड वा कातडे आणि आतले अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा मोज्याच्या आकारात बसवलेला असतो. अशा पडद्यांमध्ये गोर-टेक्स सर्वांत प्रसिद्ध आहे. १९६९मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना असे आढळले, की टेफ्लॉनचा पदार्थ तापवून हळूहळू न ताणता एकदम झटक्याने ओढला तर त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला फार लहान पडतात, पण घामाच्या वाफेला पुरेशी मोठी असतात. कल्पना सुंदर आहे, परंतु वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. जुलैतल्या लोणावळ्यात हवेत आणखी बाष्प मावायलाच जागा नसते, तेव्हा वाफ जाणार कोठे? आठ तास कार्यालयात आणि दोन तास वाहतुकीत असा बूट घातल्यावर मोजे ओलसर लागतात तो पाऊस नसतो, आपलाच घाम असतो. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप उतरला की हा त्रास वाढतो. पाणी आत येत नाही, पण कापड भिजून जड होते आणि वाफेची वाट बंद होते. तो लेप फवाऱ्याने पुन्हा देता येतो, आणि वर्षातून एकदा तरी द्यावा.

दुसरी गोष्ट अगदी साधी असूनही खोक्यावर कधी लिहिलेली नसते. बूट वॉटरप्रूफ असतो तो फक्त जिभेची, म्हणजे नाडीखालच्या पट्टीची, दोन्ही अंगे जेथपर्यंत शिवलेली असतात तेथपर्यंतच. माझ्या बुटात ही उंची तिसऱ्या भोकाशी संपते, काहींत ती वरच्या काठापर्यंत जाते. घेण्यापूर्वी नाडी सैल करून जीभ पुढे ओढली की हे क्षणात दिसते, आणि माझ्या मते पडद्याच्या नावापेक्षा ही शिवण पाहणे अधिक फायद्याचे आहे.

नव्या जोडाने शहरातला जुलै उत्तम काढला. सिग्नलला स्कूटर थांबवून डबक्यात पाय टेकवला तरी मोजा कोरडा राहत असे. लोहगडावर मात्र मुसळधार पावसात अर्ध्या तासातच पाणी पँटवरून ओघळून मोज्यात आणि मोज्यातून बुटात उतरले. आत शिरलेल्या पाण्यालाही तो पडदा तितक्याच निष्ठेने अडवत राहिला, आणि दोन्ही पायांत एकेक तांब्या घेऊन मी गड उतरले. जाळीचा साधा बूट अशा वेळी चार पावलांत निथळतो. भर पावसातल्या ओढ्यांच्या वाटांसाठी म्हणूनच मी आता जाळीचा एक स्वस्त जोड वेगळा ठेवला आहे, म्हणजे एकाच जोडाचा माझा हट्ट तेवढ्यापुरता हरला. उरलेल्या वर्षात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटे दवाने चिंब झालेल्या गुडघाभर गवतातून माचीवर फिरताना, या बुटाचे पैसे वसूल होतात. सोबतच्यांचे मोजे पिळण्याइतके भिजलेले असतात आणि माझे नसतात.

भिजल्यावर आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दर दोन तासांनी ते बदलून पंख्याखाली बूट वाळवावेत. शेगडीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास सोलचा डिंक सुटतो. कपाटात बंद केले तर चार दिवसांत बुरशी धरते.

गेल्या महिन्यात डाव्या बुटाच्या चवड्याशी सोल केसभर उचलला गेला, म्हणून मी कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे गेले. नवे ट्रेकिंगचे बूट घेतले, की त्यांच्याकडून सोलला कडेने शिलाई मारून घ्यायची, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची रीत आहे. त्यांनी दाभण हातात घेतलेसुद्धा होते. मी घाईने म्हणाले, “काका, शिलाई नको, आत पडदा आहे, भोक पडलं की पाणी शिरेल.” त्यांनी बुटात हात घालून अस्तर चाचपले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मग ताई, नुसतं चिकटवून देतो, पण उद्यापर्यंत वजनाखाली ठेवावा लागेल, घाई करायची नाही.” दुसऱ्या दिवशी बूट घ्यायला गेले तेव्हा तो त्यांच्या लोखंडी तिवईखाली दाबून ठेवलेला होता आणि शेजारी शिलाईसाठी आलेले आणखी दोन वॉटरप्रूफ जोड ओळीने मांडलेले होते.