साक्या कुठं ठेवलाव?

नाटकाला ऑर्गनची साथ करणं हा काही माझा रोजचा धंदा नाही. अंबाजोगाईत मी गाण्याच्या शिकवण्या घेतो, पेट्या दुरुस्त करतो, कुणी बोलावलं तर कीर्तनाला बसतो. पण पुण्याकडची एखादी मंडळी मराठवाड्याच्या दौऱ्यावर निघाली आणि त्यांचा ऑर्गनवाला आडवा पडला की माझा फोन वाजतो. 'संगीत सौभद्र'चा प्रयोग असाच माझ्याकडं आला. मार्गशीर्ष होता, योगेश्वरीचा उत्सव नुकताच उरकला होता, पाहुणे अजून गावातच होते.

दुपारी तालमीला बसलो तेव्हा दिग्दर्शकांनी नाटकाची प्रत हातात दिली. पानोपानी लाल रेघा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ सालचं. अंक पाच, पदं शंभराच्या वर. तेव्हा प्रयोग रात्र-रात्र चालायचे, आता साडेबाराला सभागृहाची किल्ली परत द्यायची असते. म्हणजे कापाकापी आलीच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सौभद्र इतकी वर्षं उभं आहे ते थोडंफार त्यामुळंच. ज्याला जेवढं झेपतं तेवढं तो करतो, तरी नाटकाचं नाटकपण जात नाही.

पण कात्री कुठं लागली होती ते बघण्यासारखं होतं. 'प्रिये पहा', 'नच सुंदरी करू कोपा', 'वद जाऊ कुणाला शरण' ही सगळी गाजलेली पदं शाबूत. उडाल्या होत्या त्या साक्या आणि दिंड्या, म्हणजे साध्या चालीचे, कथा सांगायचे छंद. एकजात सगळ्या.

का उडवतात तेही मला कळतं. साकी-दिंडीत गवयाला दाखवायला काही नसतं. दिंडीची ओळ १९ मात्रांची. ९ वर जरा थांबायचं, उरलेल्या १० मध्ये उतरायचं, झालं. तानेला जागा नाही, टाळीला तर नाहीच. पण नारदीय कीर्तनातलं आख्यान पुढं सरकतं ते याच छंदांवर, आणि किर्लोस्करांनी ते नाटकात आणले तेव्हा प्रेक्षकाच्या ओळखीचंच काहीतरी आणलं होतं. आमच्याकडं आता वारकरी कीर्तनाचा जोर जास्त, तरी संतकवी दासोपंतांच्या या गावात नारदीय कीर्तन ऐकलेले कान अजून शिल्लक आहेत. दिग्दर्शकांना मी हे बोललो नाही. उसना आलेला साथीदार, आपण कशाला?

रात्री सभागृह भरलं. नांदीला मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पहिलं पद संपेपर्यंत त्याही गेल्या. बसायची जागा मला रंगमंचाच्या खाली, कडेला मिळाली होती. तिथून नाटक नीट दिसत नाही, गवई मात्र दिसतो. कृष्णाचं काम करणाऱ्या कलाकारानं मला दुपारीच सांगून ठेवलं होतं, "पट्ट्यांकडं बघू नका, माझ्या उजव्या हाताकडं बघा." शेल्याचं टोक तो दोन बोटांत धरायचा. बोटं सैल सुटली की तान अजून लांबणार, मुठीत आवळली की समेवर यायचं. तबलजीला हे ठाऊक होतंच. मी पहिल्या पदात चाचपडलो, दुसऱ्यापासून बरोबर बसलो. त्याच ओळीवर तो दर खेपेला वेगळ्या वाटेनं जात होता. दुपारच्या तालमीत ऐकलेलं रात्री परत आलं नाही.

लोकांना नाटक तोंडपाठ. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन येणार, बलरामदादा फसणार, सुभद्रा दुर्योधनाच्या घरी जायची वाचणार, यात नवं काय? तरी हशा पिकत होता. माझ्या मते सौभद्राची गंमत अशी की प्रेक्षक पहिल्यापासून कृष्णाच्या कटात सामील असतो. कृष्णाला सगळं माहीत, आपल्यालाही माहीत, आणि रंगमंचावर बाकीचे धडपडतायत. रहस्य ठेवलेलंच नाही, मग फुटायचं कुठून? चौथ्यांदा आलेला माणूस इथं पहिल्यांदा आलेल्यापेक्षा जास्त मजा घेतो.

पहिल्या मध्यंतरात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. धोतर, डोक्याला मफलर. गावातले जुने हरिदास, म्हणजे कीर्तनकार, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. ते थेट माझ्यापुढं उभे राहिले.

"मास्तर, गोड चाललंय सगळं. पण साक्या कुठं ठेवलाव?"

मी दिग्दर्शकांकडं बोट दाखवलं.

"वेळच नाही हो काका," ते म्हणाले.

"एका दिंडीला असा किती वेळ लागतो ओ? तुमचा वन्स मोअर चालतो तितक्यात चार होतेत."

कृष्ण आरशापुढं घाम टिपत होता. तो वळून म्हणाला, "माझ्या गुरुजींनी सगळ्या पाठ करून घेतल्यात. कधी म्हणायलाच मिळत नाहीत." मग मला विचारलं, "चाल धराल?"

चाल काय धरायची! कीर्तनात आयुष्य गेलं. पांढरी चार त्याची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, ती मला मिळालेलीच होती. दिग्दर्शक घड्याळाकडं बघत एवढंच म्हणाले, "एकच. आणि दुसऱ्या मध्यंतरानंतर."

तेव्हा त्यानं पुस्तकातली एक दिंडी म्हटली. तबलजीनं हात मांडीवर ठेवले. मी षड्ज-पंचम धरून ओळीच्या टोकाला तेवढा सूर भरला. कृष्णानं ती गायली असं म्हणता येणार नाही, सांगितली. शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळी पडली नाही. पण दुसरी ओळ उतरताना बायकांच्या बाजूनं बारीक गुणगुण आली, नंतर पुरुषांकडूनही. शब्द त्यांना येत नव्हते, चाल येत होती. नवव्या मात्रेवरची थांबायची जागा सगळ्यांनी बरोबर घेतली.

खरी गंमत पुढं झाली. दिंडीनंतर दोन-चार वाक्यांनी 'प्रिये पहा' लागलं. हे पद मी रेकॉर्डवर छोटा गंधर्वांचं किती वेळा ऐकलंय, तरी त्या रात्री त्याचा उठाव निराळाच लागला. आधीच्या अंकात पदाला लागून पद, तानेला लागून तान अशी नुसती बासुंदीवर बासुंदी झाली होती. इथं मध्ये भाकरीचा घास आला. कान मोकळा झाला, कथा जागेवर आली, मग सूर चढला. दोनदा वन्स मोअर. अप्पा पुढच्या रांगेत बसून मान हलवत होते, पण काठी आपटून वन्स मोअर मागणाऱ्यांत तेच पहिले होते.

सभागृहाची किल्ली द्यायला उशीर झाला तो झालाच, रखवालदाराची बोलणी व्यवस्थापकांनी खाल्ली. ऑर्गन टेम्पोत चढवताना दिग्दर्शक आणि कृष्ण यांचं चांगलंच जुंपलं. एक म्हणे, हा तुमच्या गावापुरता चमत्कार, पुण्यात कोण ऐकतंय दिंडी? दुसरा म्हणे, पुण्यात म्हणून तरी बघू की. मी पाकीट खिशात घालून ऐकत उभा होतो. शेवटी तोड निघाली. परभणीच्या प्रयोगात एक साकी आणि दोन दिंड्या परत घालायच्या, आणि तेवढी मिनिटं घटोत्कचाच्या प्रवेशातून काढायची.

ही तोड मला अजून पटलेली नाही. आमच्या प्रयोगाला आलेली पोरं जागी होती ती घटोत्कचामुळंच.