ठिबक जिथून आले, त्या किबुत्झांची गोष्ट

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात इस्रायलचे नाव निघाले की पाठोपाठ ठिबकचा विषय निघतोच. अभ्यासदौऱ्यावर जाऊन आलेले बागायतदार तिथल्या नळ्या, ड्रिपर, फिल्टर यांविषयी भरभरून बोलतात. मात्र हे तंत्र ज्या वस्तीत उद्योग म्हणून उभे राहिले, तिथे जमीन, घर, कमाई आणि स्वयंपाकघर यांपैकी काहीही कोणा एकाच्या मालकीचे नव्हते, हे सहसा सांगितले जात नाही. सांगितलेच, तर ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : मग काम कोण करत होते? विकास सोसायटी आणि साखर कारखाना यांचे अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. किबुत्झांचा, म्हणजे या सामूहिक वस्त्यांचा, इतिहास वाचताना मला मात्र असे दिसले की कामचुकारपणा हे त्यांचे मुख्य दुखणे कधीच नव्हते. जे मोडले ते वेगळ्याच ठिकाणी मोडले.

सुरुवात मालक-मजुराच्या भांडणातून झाली. गॅलिली सरोवराच्या दक्षिणेला, उस्मानी साम्राज्याच्या अमलाखालील पॅलेस्टाइनमध्ये, 1908 साली किनेरेत येथे ज्यू स्थलांतरितांना शेती शिकवण्यासाठी एक शेत सुरू झाले होते. रशियन साम्राज्यातून आलेल्या तिथल्या तरुण मजुरांचे व्यवस्थापकाशी पटेना, आणि 1909 मध्ये त्यांनी संप केला. ज्यूंच्या वसाहती वसवण्याचे काम पाहणाऱ्या आर्थर रुपिन यांनी तोडगा असा काढला की मोजक्या मजुरांच्या गटाला शेजारची उम्म जूनी येथील जमीन वर्षभर मुकादमाशिवाय कसायला द्यावी. प्रयोग जमला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1910 मध्ये, दहा पुरुष आणि दोन स्त्रिया असा दुसरा गट तिथे कायमचा राहायला आला आणि देगानिया ही पहिली सामूहिक वसाहत उभी राहिली. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची, म्हणजे संस्थेची; ती विकण्याचा अधिकार कसणाऱ्यांना नव्हता. हाती भांडवल नसलेल्या, मलेरियाने बेजार झालेल्या आणि शेतीचा फारसा अनुभव नसलेल्या तरुणांना एकट्याने टिकणे अशक्य होते, त्यामुळे एकत्र राहणे ही त्यांची जशी निष्ठा होती तशीच निकडही होती. निकड संपल्यावर निष्ठेचे काय होते, हाच पुढच्या शंभर वर्षांचा विषय आहे.

देगानियातील मंडळींना गट लहान, एका कुटुंबासारखा हवा होता. 1921 साली स्थापन झालेल्या एन हारोदने मात्र शेकडो माणसांची, शेतीबरोबर इतर धंदेही करणारी मोठी वसाहत उभी करण्याचा आग्रह धरला, आणि पुढे किबुत्झ म्हणून जे जगाला माहीत झाले ते बहुतांशी या विचारातून घडले. रोजचे व्यवहार मात्र दोन्हीकडे सारखेच होते. कामाची वाटणी करणारा सभासद रात्री दुसऱ्या दिवसाची यादी लावी. गोठा, भांडी, फळबाग यांच्या पाळ्या फिरत. सचिव आणि खजिनदार ठरावीक मुदतीने बदलत. आणि मोठे निर्णय सर्वसाधारण सभेत होत. कष्टाचा मोबदला कोणालाच मिळत नसे, गरजेप्रमाणे मात्र सर्वांना मिळे. ज्या माणसाबरोबर तिन्ही वेळा एकाच भोजनगृहात जेवायचे, त्याच्या देखत काम टाळणे सोपे नसते. आपल्याकडे वार्षिक सभेत अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर होतो, तशी सोय तिथे नव्हती.

या इतिहासाची दुसरी बाजू वगळून चालणार नाही. एन हारोदसारख्या वसाहती ज्या यिज्रएल खोऱ्यात झाल्या, तिथली बरीच जमीन बैरूतच्या सुरसोक घराण्यासारख्या गैरहजर जमीनदारांकडून विकत घेतली गेली, आणि ती कसणाऱ्या अरब कुळांना उठावे लागले. 1948 च्या युद्धानंतर अनेक किबुत्झांना विस्थापित पॅलेस्टिनींच्या गावांची जमीन मिळाली. समता कुंपणाच्या आत होती, हे मान्य करूनच तिचे कौतुक करावे लागते.

पहिला मोठा तडा राजकारणाने गेला, आणि तोही सोव्हिएत रशियाची बाजू घ्यावी का या प्रश्नावरून. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षनिष्ठेचा वाद इतका टोकाला गेला की एन हारोदचे दोन किबुत्झ झाले. शेजारी शेजारी राहणाऱ्यांनी गोठे आणि शेते वाटून घेतली. दुसरा तडा घरातून गेला. बहुतेक किबुत्झांत मुले आईवडिलांजवळ न झोपता बालगृहात झोपत, जेणेकरून बाई स्वयंपाक आणि संगोपन यांतून मोकळी व्हावी. प्रत्यक्षात शेतावरून निघालेल्या बायका धुलाईघर, भोजनगृह आणि त्याच बालगृहात कामाला लागल्या. फक्त स्वतःच्या मुलांऐवजी सर्वांची मुले सांभाळू लागल्या. मुलांना रात्री घरी आणण्याची मागणी प्रामुख्याने आयांनीच लावून धरली आणि 1970 ते 1990 च्या दशकांत ही पद्धत संपली. त्याआधी खोलीत स्वतःची चहाची किटली ठेवावी का, यावर गंभीर वाद झाले होते. नाझी काळातील छळाबद्दल जर्मनीकडून नुकसानभरपाई म्हणून एखाद्या सभासदाला मिळालेले पैसे त्याचे की सर्वांचे, यावरही झाले. किटलीचा वाद हास्यास्पद वाटतो, पण विरोध करणाऱ्यांचे निदान बरोबर होते : चहा खोलीत होऊ लागला की संध्याकाळी भोजनगृहात कोणी थांबत नाही.

ठिबकचा जन्म याच काळातला. नेगेव वाळवंटात 1946 साली वसलेल्या हात्झेरिम किबुत्झची जमीन खारट होती आणि केवळ शेतीवर भागत नव्हते. अभियंता सिम्खा ब्लास यांच्याबरोबर करार करून 1965 मध्ये या किबुत्झने नेटाफिम ही ठिबकचे साहित्य बनवणारी कंपनी सुरू केली. असे कारखाने अनेक किबुत्झांत आले आणि त्यांच्याबरोबर पगारी कामगारही आले. ‘स्वतःचे काम स्वतः’ हे मूळ तत्त्व तिथे वाकले. जवळच्या नवस्थलांतरितांच्या गावांतून येणारा मजूर किबुत्झचा सभासद होत नसे. त्याच्या दृष्टीने ही समतेची मंडळी मालकच होती.

घाव बसला तो कर्जाचा. 1977 साली मजूर पक्षाची सत्ता गेली आणि सरकारदरबारचा आधार कमी झाला. महागाई शेकडो टक्क्यांत असताना कर्ज काढून विस्तार करणे शहाणपणाचे वाटत होते. 1985 च्या स्थिरीकरण कार्यक्रमाने महागाई एकदम खाली आणली, व्याजदर मात्र चढे राहिले, आणि एकमेकांना जामीन राहिलेले किबुत्झ एकत्रच अडकले. 1989 पासून सरकार आणि बँकांबरोबर कर्जफेडीचे करार झाले, तोवर तरुण मंडळी शहराकडे निघाली होती. उरलेल्यांनी एकेक गोष्ट सुटी केली : आधी जेवण आणि वीज पैसे देऊन, मग कामानुसार वेगळा पगार, मग घर नावावर. 2007 मध्ये खुद्द देगानियाने हा बदल मतदानाने स्वीकारला. आज बहुसंख्य किबुत्झ याच वाटेवर आहेत, पूर्ण सामूहिक राहिलेले थोडे.

नाशिकच्या वाचकाला याच्याशेजारी आपली फड पद्धत ठेवून पाहता येते. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर दगडी बंधारे बांधून, शेकडो वर्षे गावांनी पाणी सामाईक ठेवले, जमीन नाही. शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि ज्याची त्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असायची. टंचाईत एखाद्या फडाला पाणी तोडले तरी झळ सर्वांना सारखी लागे. पाणी पाटकरी देई, शेतकरी स्वतः दार उघडत नसे. किबुत्झच्या तुलनेत ही भागीदारी फार तुटपुंजी होती, आणि माझ्या मते म्हणूनच ती कितीतरी जास्त काळ टिकली. कोणाच्या चुलीत किंवा पाळण्यात तिने कधी लक्ष घातले नाही.

तरी तीही आता बहुतेक ठिकाणी नावापुरती आहे. नद्यांवर वर धरणे झाली, शिवारात विहिरी आणि मोटारी आल्या, आणि डाळिंब, कांदा, द्राक्ष यांपैकी काय लावायचे हे प्रत्येकजण स्वतः ठरवू लागला. विहिरीच्या पाण्यावर एकट्याने बाग उभी करणे ज्या साधनामुळे सोपे झाले ते ठिबकच आहे. हात्झेरिमने सुरू केलेल्या नेटाफिममधील मोठा हिस्सा 2018 साली एका मेक्सिकन उद्योगाकडे गेला आणि हात्झेरिमने वीस टक्के आपल्याकडे ठेवला. दौऱ्यावर जाणाऱ्यांनी ड्रिपरच्या किमतीबरोबर हे वीस टक्के किबुत्झमध्ये कसे वाटले जातात, एवढे तरी विचारून यावे.