शाळा सरकारची, मग वर्गणी कशासाठी?

जिल्हा परिषदेच्या शाळांमधील वर्गखोल्यांसाठी आम्ही निधी गोळा करतो हे कळल्यावर तुम्ही विचारलेत, "हे तर सरकारचे काम, मग लोकांकडे पैसे का मागता?" प्रश्न रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत बंधनकारक केली आहे, आणि ती देणे शासनाचेच कर्तव्य आहे. मात्र नव्या खोलीचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर असताना मुलांना बसायला दुसरी जागा नसली, तर ती त्याच तडे गेलेल्या खोलीत बसतात. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी शाळेची इमारत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. आम्ही वर्गणी मागतो ती या मधल्या काळासाठी, आणि शासनाकडचा पाठपुरावा सोडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. टीव्ही संच, दप्तरे, रंगवलेल्या बोलक्या भिंती यांसाठी देणगीदार चटकन मिळतो. जमिनीखाली जाणाऱ्या खर्चाला मिळत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतीही तडकतात, म्हणून कठीण मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची माळवदे (मातीची सपाट छपरे) हजारो माणसांवर कोसळली. भिंती एकसंध राहाव्यात म्हणून जोत्याच्या, लिंटेलच्या (दारे-खिडक्यांच्या वरच्या तुळईच्या) आणि छताच्या पातळीवर सळ्या घातलेल्या काँक्रीटचे (आरसीसी) सलग पट्टे घालायचे असतात. गिलावा झाला की ते कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे खर्च कमी करायचा म्हटला की पहिली कात्री तिथेच लागते. (कोनशिलेची जागा मात्र अंदाजपत्रकाच्याही आधी ठरलेली असते.)

नफ्याच्या विशिष्ट मर्यादेपुढील कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि या निधीचा शाळांना मोठा आधार होऊ शकतो. मात्र कंपनीला काम बहुधा मार्चअखेर पूर्ण हवे असते, आणि इकडे जुन्या खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती बाद ठरवल्याचा, आदेश निघाल्याशिवाय ती पाडता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता घेण्यातही महिने जातात. घाईने उरकलेल्या कामापेक्षा वर्षभर उशिरा झालेली खोली मी पत्करीन, आणि हे देणगीदाराला तोंडावर सांगावे लागते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी अंदाजपत्रकाची प्रत मागा, पायाची खोली आणि पट्ट्यांची कलमे पाहा, आणि गिलाव्यापूर्वीचे फोटो मिळतील का ते विचारा. यांतले काही मिळाले नाही, तर देणगी रोखून धरा. ती आमच्याकडे येणार असली तरीही.