उगारलेला हात

गेल्या महिन्यात मी मुलावर हात उगारला. मारलं नाही. पण त्याने डोळे घट्ट मिटून मान आत ओढून घेतली, आणि ते पाहून माझा हात हवेतच थिजला. त्याच्या अंगाला माझी भीती सवयीची झाली होती.

त्या रात्री मिठाच्या सत्याग्रहातलं, गुजरातमधलं धारासणा आठवत राहिलं. २१ मे १९३०. सत्याग्रही रांगेने मिठागराकडे चालत गेले, डोक्यांवर लाठ्या बसत होत्या, आणि वार अडवायलाही कुणी हात वर केला नाही. सरोजिनी नायडूंनी तसं आधीच बजावलं होतं. शाळेत हे वाचताना मला ते नुसतं सोसणं वाटायचं. आता वाटतं, केवढी तयारी असेल त्यामागे! अंग तर आपोआप हात उचलतं, माझंही उचललंच की.

आणि १९२२चं चौरीचौरा. जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, आत पोलीस जळून मेले. गांधीजींनी ऐन भरातलं असहकार आंदोलन थांबवलं, पाच दिवस उपवास केला. जवळच्या सहकाऱ्यांनाही ते रुचलं नाही. मला मात्र त्यांचं हेच थांबणं सगळ्यात मोठं वाटतं.

सकाळी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "बाबा, परत राग आला तर?"

"तर मी आधी खाली बसेन."

परवा आला. बसलो. थोड्या वेळाने तोही शेजारी येऊन बसला.